चारशे बारा पानं आणि बेवारशांचा कप्पा

रेक्याविक, शुक्रवार, ६ सप्टेंबर

ओर्री,

खुबा बदलला. नवा आहे, चकाकतो म्हणे. मला दिसत नाही. सहा आठवडे इथेच व्यायाम. खोलीत जोडीला लोवीसा नावाची बाई आहे. चाळीस वर्षं मासेमारी जहाजावर स्वयंपाकीण होती, आता गुडघा गेलाय. झोपेतसुद्धा वीस जणांना वाढते.

आता कामाचं. फोन करू नकोस. फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतोस आणि ठेवल्यावर भलतंच करून बसतोस. पत्र लिही. लिहिताना तरी माणूस एका जागी टेकतो. चोवीस वर्षांचा घोडा झालास, दोन शाळा आणि पाच नोकऱ्या अर्ध्यात टाकल्यास. तुझ्या बापाला शब्द दिला म्हणून मी परत येईपर्यंत थेर्नूच्या पंचायतीची माझी कारकुनी आणि किल्ली तुझ्याकडे आहे, एवढं ध्यानात ठेव.

शाळेला शिक्षक हवा. १५ ऑक्टोबर, दुपारी बाराच्या आत, शिकवण्याची सनद असलेल्या एका तरी माणसाचा अर्ज यायला हवा. नाही आला तर वरून आलेल्या पत्राप्रमाणे शाळा बंद आणि सातही पोरं घाटापलीकडच्या वसतिगृहात. घाट नोव्हेंबर ते एप्रिल बर्फाने बंद असतो, हे मी कळवलं होतं. "नोंद घेतली" असं उत्तर आलं. पोरं गेली की आया जातील, आया गेल्या की बाप जातील, आणि खाडीवर मेंढ्या आणि त्यांच्यामागे फिरणारा स्काफ्ती एवढेच उरतील.

अर्ज फक्त वेबसाइटवरूनच घ्यायचा, हा आपल्याच पंचायतीचा ठराव, आणि त्याचा सगळ्यांना फार अभिमान. जाहिरात तिथे ऑगस्टपासून आहे, पण कुणाला सापडत नाही. मला सापडते, कारण ठेवली मीच: "कारभार", त्यात "इतर", त्यात "जुने", त्यात पुन्हा "इतर". एकूण चारशे बारा पानं, त्यातली दोनशे तीस "इतर"मध्ये. हे मी केलंय, ओर्री. एक-एक पान ठेवताना शहाणपणाचंच वाटत होतं.

मागे दोन दिवसांच्या शिबिरात मला शिकवलं होतं ते कर. प्रत्येक पानाचं नाव एकेका चिठ्ठीवर लिही. गावातल्या आठ-दहा जणांपुढे पसर. कुठली चिठ्ठी कुठलीच्या शेजारी बसते, ते त्यांना ठरवू दे. ढिगांना नावंही त्यांनीच द्यायची. आपण गप्प बसायचं. त्याप्रमाणे पानं लाव. परक्या माणसाला दोन मिनिटांत जाहिरात सापडली पाहिजे.

गप्प बसणं जमेल ना?

रान्वेग

थेर्नू, सोमवार, १६ सप्टेंबर

लाडक्या, चकाकत्या आत्या,

झालं! वेबसाइट लागली! तू तिकडे पाय हलवायला शिकतेयस तोवर मी इकडे चारशे बारा पानं हलवली.

आठ-दहा जण गोळा करायचे तर कुठून, हा प्रश्न होता. कचेरीत बोलावलं तर लोक कॉफी पितात आणि पाइपलाइनबद्दल तक्रार करतात. मग डोक्यात आलं की शनिवारी मेंढ्या डोंगरावरून उतरणार, अख्खी खाडी मेंढवाड्यात असणार, मग तिथेच जावं. चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यात भरल्या आणि निघालो. वाटेत एक सील खडकावर पालथं पडून माझ्याकडे असं बघत होतं की मला नॉर्वेतल्या ट्रोम्सोचा तो घरमालक आठवला, ज्याच्या दारात मी वॉफल विकायचो. त्याची गोष्ट फार मजेची आहे, पण तू चिडशील. असो. पोचेपर्यंत उशीर झाला.

दोन हजार नऊशे मेंढ्या मधल्या रिंगणात, आणि भोवती बारा घरांचे बारा कप्पे, कलिंगडाच्या फोडींसारखे. जो तो मेंढीचा कान बघतोय, शिंगं धरतोय आणि ओढत आपल्या कप्प्यात ढकलतोय. दुपारपर्यंत सगळं आवरलं. मग सूप झालं, गाणी झाली, आणि मी रिंगणाच्या मधोमध जाऊन खोकं उघडलं. वारा होता, म्हणून ब्रेक्का घराच्या इल्मूरने चिठ्ठ्यांना कपड्यांचे चिमटे लावून दिले.

मी म्हटलं, "मंडळी, ह्या वेबसाइटच्या चिठ्ठ्या. तुम्हाला वाटेल तशा लावा."

यंदाचा डोंगरराजा होलचा स्काफ्ती आहे. मेंढ्या उतरवायच्या दिवशी डोंगरराजाचा शब्द शेवटचा, तुला ठाऊकच आहे. तो म्हणाला, "वाटेल तशा म्हणजे कशा?"

मी गप्प बसलो. तूच सांगितलं होतंस.

त्याने एक चिठ्ठी उचलली. "कचरा उचलण्याचे वार." इकडे-तिकडे पाहिलं. "कचऱ्याची गाडी मी चालवतो. म्हणजे ही माझी." आणि होलच्या कप्प्यात टाकली!

मग काय विचारतेस. इल्मूर म्हणाली, "पोहण्याच्या तलावाची किल्ली माझ्याकडे, तलाव ब्रेक्काचा." नेसवाल्यांनी बोटीचं वेळापत्रक नेलं, कारण बोटीचा दोर बांधतो तो त्यांचा जावई. "हिमकडे कोसळण्याचा इशारा" दोन घरांनी दोन टोकांना धरला. टुंगावाले म्हणाले कडा आमच्या डोंगरावरून येतो, कोटवाले म्हणाले पण पडतो आमच्या अंगणात! स्काफ्तीने निवाडा दिला: वरचा अर्धा टुंगाचा, खालचा अर्धा कोटचा. चिठ्ठी फाडली. अर्ध्या तासात खोकं रिकामं. तुमच्या शिबिरात लोकांना एवढा उत्साह होता का?

आता उघडल्याबरोबर वरून पाहिलेला मेंढवाडा दिसतो, त्यात बारा कप्पे. होल दाबलं की कचरा, भूकंप, लग्नाची नोंदणी (स्काफ्तीच्या बायकोचा भाऊ पाद्री आहे ना). गाव खूश आहे. कोटच्या म्हातारीला आयुष्यात पहिल्यांदा पाणीपट्टीचं पान सापडलं, आणि पाणीपट्टी बघून ती आपल्याच अर्ध्या हिमकड्याच्या पानावर गेली.

शिक्षकाची चिठ्ठी कुणी घेतली नाही. जुने मास्तर शाळेच्याच माडीवर राहायचे, कुठल्याच घरचे नव्हते. ती बेवारशांच्या कप्प्यात ठेवलीय, जिथे कानाला खूण नसलेल्या मेंढ्या उभ्या करतात. तेराव्या फोडीत. पण आहे, नक्की आहे.

तुझा, बराच वेळ एका जागी बसलेला,
ओर्री

रेक्याविक, बुधवार, १८ सप्टेंबर

ओर्री,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा लोवीसाला मोठ्याने वाचायला लावलं. म्हटलं, दुसऱ्याच्या आवाजात कदाचित कमी वाईट वाटेल. वाटलं नाही.

मग तिला इथल्या दिवाणखान्यातल्या संगणकापाशी बसवलं. "थेर्नू खाडीला शिक्षक हवाय. जाहिरात शोध." चाळीस वर्षं धुक्यात मासे शोधणाऱ्यांना जेवू घातलेली बाई आहे, घाबरणारी नाही. तिने आधी "टुंगा" दाबलं. वरचा अर्धा हिमकडा. मग "नेस": बोट मंगळवारी आहे, पण कुठून कुठे ते नाही, कारण नेसवाल्यांना ते माहीत आहे. मग "होल": स्काफ्तीच्या मेंढ्याचा फोटो, डावीकडून, उजवीकडून, आणि मागून. पंचेचाळीस मिनिटांनी म्हणाली, "रान्वेग, तुझ्या गावात कचरा कुणाचा, किल्ली कुणाची, मेंढा कुणाचा, सगळं कळलं. गाव कुठे आहे तेवढं कळलं नाही."

अरे, गावातल्या माणसाला वेबसाइट लागतेच कशाला? तो स्काफ्तीला रस्त्यात विचारेल. ती परक्यासाठी असते. ज्याला कुणी ओळखीचं नाही, ज्याला इल्मूरकडे किल्ली असते हे ठाऊक नाही, त्याच्यासाठी. जुनी मांडणी परत लाव. "इतर" तर "इतर", निदान ते सगळ्यांनाच सापडत नव्हतं, त्यात भेदभाव नव्हता.

आणि दारातच माणसाला विचार की बाबा तू कोण, कशाला आलास. मग त्याप्रमाणे वाट दाखव. एवढं साधं.

सत्तावीस दिवस उरलेत. एकही अर्ज नाही.

रान्वेग

थेर्नू, शुक्रवार, २७ सप्टेंबर

आत्या,

तू म्हणालीस तसंच केलं, त्यामुळे आता ओरडू नकोस.

एक कबुली आधी. जुनी मांडणी परत लावता येत नाही. मी ती त्याच संध्याकाळी पुसली. नक्कल ठेवायची असते हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे ठाऊक होतं, पण मी ते "नंतर" करणार होतो, आणि तेवढ्यात नेसच्या बोटीवर देवमासा बघायला चला म्हणाले. देवमासा दिसला नाही.

तर दारातच विचारायला लावलंय. पान उघडलं की आधी मोठ्या अक्षरांत: "तुम्ही कुणाचे?" खाडीतली म्हातारी माणसं परक्याला पहिल्यांदा हेच विचारतात, मलाही आल्या दिवशी चौघांनी विचारलं. खाली बारा घरांची नावं, आणि शेवटी एक कळ: "कुणाचाच नाही." ती दाबली की माणूस बेवारशांच्या कप्प्यात. तिथे नाव, फोन, "कुठून?" आणि "काय शोधताय?" एवढं लिहायचं.

पहिल्या दोन दिवसांत एकोणीस जण त्या कप्प्यात आले. सोमवारी पंचायतीत मी यादी वाचून दाखवली, सहज, गंमत म्हणून. स्काफ्ती उठून उभाच राहिला.

"कधीपासून आहेत आत?"

"शनिवारपासून."

"शनिवारपासून! चारा नाही, पाणी नाही! अरे कानाला खूण नसलेलं मेंढरूसुद्धा रात्रभर कप्प्यात ठेवत नाहीत, त्याच दिवशी कुणीतरी घरी नेतं. ही तर माणसं आहेत!"

"स्काफ्ती, ती खरोखर आत नाहीयेत. आपापल्या घरी आहेत."

"तुला काय माहीत? तू पाहिलंस?"

मी पाहिलं नव्हतं.

मग वाटणीच झाली. मी चिठ्ठी वाचायची, ज्याला हवा त्याने हात वर करायचा आणि त्या माणसाला फोन करायचा. नाव मात्र वाचायचं नाही, असं स्काफ्तीने बजावलं, नाहीतर जो तो आपले पाहुणेच उचलेल. "खूण नसलेल्या मेंढीला नाव विचारत नसतात."

तंबू कुठे ठोकू विचारणारा एक डच सायकलवाला ब्रेक्काला गेला. इल्मूरने त्याला फोनवर सांगितलं, तंबू-बिंबू काही नाही, माळ्यावर झोपायचं, आणि छातीचं माप कळव. त्याचं स्वेटर अर्धं झालंय. अकुरेरीचा एकजण चुकून आला होता, त्याला स्वतःच्याच गावची कचरापट्टी भरायची होती. त्याला नेसवाल्यांनी नेलं, आता तो नाताळला येतोय. आणि एकजण असा आहे की दर तासाला येतो, काही विचारत नाही, सगळी पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो आणि निघून जातो. मी म्हटलं, तो माणूस नसावा, शोधयंत्र असतं तसलं. पण कोटच्या म्हातारीने त्याला आधीच घेतला होता. म्हणते, "बोलत नाही बिचारा, पण वाचतो किती! इतकं लक्ष देऊन आमचं कुणी कधी वाचलं नव्हतं." तिने त्याच्यासाठी वेगळं पान लिहून दिलंय: "बस जरा. दमला असशील." मी ते लावलंय.

शिक्षकाचा अर्ज अजून नाही. पण लोक येताहेत, आत्या!

ओर्री

रेक्याविक, बुधवार, २ ऑक्टोबर

ओर्री,

एक प्रश्न. स्काफ्ती माझ्या खोलीतल्या बाईला रोज दुपारी फोन का करतो?

तिने मागच्या आठवड्यात गंमत म्हणून पुन्हा तुझं पान उघडलं, "कुणाचाच नाही" दाबलं, आणि "काय शोधताय?" पुढे लिहिलं: "तुमचं गाव." तेव्हापासून हा माणूस तिला खाडीचं हवामान सांगतो. वाऱ्याची दिशा, लाटा, मेंढे कुठे चरताहेत. एकतीस वर्षं मी त्याच्यासमोर बसले, मला "हं" याच्यापलीकडे काही बोलला नाही. काल तिला हसून हसून ठसका लागला. काय म्हणाला विचारलं तर म्हणे, "ते तुला नाही सांगता यायचं, तू त्या गावची."

गंमत पुरे. तेरा दिवस राहिले. लोक तुमच्याकडे तंबू मागायला येतात, कचरापट्टी भरायला येतात. मुलांना वाचायला शिकवायला कोण येतंय? सातांपैकी दोघांना अजून घड्याळ कळत नाही. इल्मूर तात्पुरतं शिकवते, पण सगळे हिशोब ती पोहण्याच्या फेऱ्यांत घालते. महिनाअखेर तिचीही परवानगी संपते.

ती जाहिरात जिथे परक्याची नजर पडेल तिथे ठेव. मी हे आता तिसऱ्यांदा लिहितेय.

रान्वेग

थेर्नू, मंगळवार, ८ ऑक्टोबर

आत्या, आत्या, आत्या,

बसायला वेळ नाही, उभ्यानेच लिहितोय. अर्ज आले. एक्केचाळीस!

मला हे सुचलं असतं तर मी बढाई मारली असती, पण सुचलं नव्हतं. जाहिरात बेवारशांच्या कप्प्यात होती ना? आणि परक्या माणसाने "कुणाचाच नाही" दाबलं की तो कुठे जातो? बेवारशांच्या कप्प्यात! म्हणजे जो कुणी बाहेरून आला तो थेट जाहिरातीवरच जाऊन आदळला. समोर दुसरं काही नाहीच. बोटीची वेळ हवी असलेल्या माणसाला बोटीची वेळ दिसली नाही, पण खाडीला शिक्षक हवा हे दिसलं. आणि फोनवर आपल्या मंडळींनी प्रत्येकाला तेच विचारलं. इल्मूर तर स्वेटरच्या मापाआधी विचारते, "शिकवता येतं का?"

आता खरं सांगतो. एक्केचाळीस अर्ज आहेत आणि सनद एकाकडेही नाही.

डच सायकलवाला दातांचे साचे करतो. अकुरेरीवाला नळ दुरुस्त करतो. हँबुर्गची एक बाई पोपट शिकवते, फक्त पोपट, पण तिच्याकडे प्रशस्तिपत्रं आहेत. लोवीसाचाही अर्ज आहे. "अनुभव" या रकान्यात लिहिलंय: "वीस माणसांना वादळात गप्प बसवून जेवू घातलेलं आहे." स्काफ्ती म्हणाला, घेऊन टाका. मी म्हटलं, सनद लागते. तो म्हणाला, वादळाची सनद कुठे मिळते? कोटची म्हातारी तर रडकुंडीला आलीय, तिच्या वाचणाऱ्याने अर्ज केला नाही. "इतकं वाचन असून!"

काल सात पोरं कचेरीत आली. त्यांनी वेबसाइटसाठी पान आणलं होतं, खडूने रंगवलेलं. "आम्ही आहोत" एवढंच, आणि खाली सात चेहरे, एकाला तीन डोळे. कुठल्या कप्प्यात लावू विचारलं तर त्यांच्यात भांडण झालं. शेवटी जाहिरातीच्या खाली लावलं.

मी हे काम गमतीत घेतलं होतं, आणि आता ते गमतीचं राहिलेलं नाही. तुझं ऐकून सरळ लावलं असतं, तर कदाचित एखादा खरा शिक्षक शांतपणे येऊन दोन मिनिटांत अर्ज भरून गेला असता. मी बॅग भरून ठेवली आहे. १५ला बस आहे, तीही नेमकी दुपारी बाराला. किल्ली इल्मूरकडे देईन. तुझ्या तोंडासमोर उभं राहायची हिंमत नाही.

ओर्री

रेक्याविक, शुक्रवार, ११ ऑक्टोबर

ओर्री,

बॅग रिकामी कर. पळून जायला कारण लागतं आणि तुझं कारण तकलादू आहे. सरळ लावलेल्या वेबसाइटवर सात वर्षं जाहिरात टाकतेय मी. शिबिरातून आल्यावर एक वर्ष तर ती अगदी पहिल्या पानावर होती. दोन अर्ज आले, दोन्ही चुकून.

आज सकाळी लोवीसा व्यायामाला गेली होती. मी काठी घेऊन दिवाणखान्यात गेले आणि तुझं पान उघडलं. अजून पाहिलं नव्हतं, नुसतीच शिव्या देत होते. "तुम्ही कुणाचे?" असं विचारलं त्याने. मी बारा नावं वाचली. आपलं एरीचं घर त्यांत नाही. ते असणार कसं? एरीचं छप्पर कोसळून तीस वर्षं झाली, तिथे आता नुसतं गवत. मी राहते कचेरीच्या माडीवर. मेंढवाड्यात एरीचा कप्पा होता तो आता टुंगाच्या कप्प्यात धरला आहे, तो मोडायच्या ठरावाची नोंद मीच लिहिली.

नावं पुन्हा एकदा वरपासून वाचली. मग शेवटची कळ दाबली.

पुढे जाहिरात आली. ती मी सात वेळा टंकली आहे, शब्द पाठ आहेत. पण परकी म्हणून कधी वाचली नव्हती. "नियमाप्रमाणे वेतन, नियमाप्रमाणे निवास." ही काय जाहिरात झाली? यात पोरं कुठे आहेत? मग खाली सरकले आणि ते सात चेहरे दिसले. तीन डोळ्यांचा कोणाचा ते मी ओळखलं.

पुढचं काय ते केलं. आता पाय दुखतोय, थांबते.

रान्वेग

थेर्नू, मंगळवार, १५ ऑक्टोबर

आत्या,

तुझं पत्र आजच्या बसने आलं, म्हणजे सगळं होऊन गेल्यावर. बरंच झालं. आधी आलं असतं तर मी नक्की कुणाला तरी बोलून बसलो असतो.

काल सोमवार, शेवटची वाटणी. सगळे पडेल चेहऱ्याने बसले होते. सहा चिठ्ठ्या होत्या. पाच गेल्या. सहावी मी वाचली: "कुठून? सध्या एका पायावर. काय शोधताय? सात मुलं."

नेसवाली म्हणाली, "अगं बाई! पळवून न्यायचीत की काय?"

मी म्हटलं, "खाली अर्जही जोडलाय. सनद आहे! १९८९ची!"

खुर्च्या करकरल्या. स्काफ्तीने विचारलं, "शिकवल्याचा अनुभव?"

"चार हिवाळे."

"कुठे?"

मी पान उलटलं. "इथेच, म्हणतेय. थेर्नू."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मला वाटलं, खोटा अर्ज आहे आणि सगळे चिडलेत. तुला पाहिल्यापासून तू कचेरीतच, तू कधी खडू धरला असशील हे मला कोण सांगणार? इल्मूर खिडकीकडे बघत म्हणाली, "मला घड्याळ शिकवलं होतं एकीने. बटाटा कापून." नाव घ्यायचं नाही असा नियम, त्यामुळे तिने घेतलं नाही. कुणीच घेतलं नाही. खोलीत तेवीस माणसं होती, त्यातल्या बावीस जणांना कळलं होतं.

"कुणाची आहे?" स्काफ्तीने विचारलं.

"कुणाचीच नाही," मी वाचलं.

तर बाराच्या बारा हात वर. टुंगावाल्याने दोन्ही वर केले, आणि वर म्हणतो, "तिचा कप्पा आमच्याच कप्प्यात आहे!" नेसवाले म्हणाले ती बोटीने येणार, दोर आमचा! इल्मूर ओरडली, घड्याळ माझं! कोटच्या म्हातारीने तर आपला वाचणारा सोडून देईन अशी बोली लावली. शेवटी स्काफ्तीने टेबलावर बुक्की मारली.

"एका मेंढीवर सगळ्यांनी हक्क सांगितला तर ती कुणाची?"

"पंचायतीची," सगळे म्हणाले. तोच नियम आहे ना.

"मग मिटलं. अर्ज मंजूर. पण कारकुनाचा शिक्का हवा." आणि सगळे माझ्याकडे बघून हसले.

मी रात्रभर... नाही, खोटं कशाला, मी छान झोपलो. आज सकाळी शिक्का मारायला पहिलं पान उघडलं तेव्हा नाव दिसलं. मी ते तीनदा वाचलं. मग कळलं की काल सगळे माझ्याकडे बघून का हसत होते. तुझा अर्ज तूच मंजूर करू शकत नाहीस, हे तुला तिथे बसून ठाऊक होतं. म्हणूनच बॅग रिकामी कर लिहिलंस, नाही का? शिक्का वाळलेला होता. थुंकी लावली. वर पाठवायला अकरा चाळीस झाले. पोचल्याचं उत्तर अकरा बावन्नला आलं: "नोंद घेतली."

बारा वाजून दोन मिनिटांनी मी बाहेर धावलो तर बस गेली होती. बस दर वेळी उशिरा निघते, आजच वेळेवर. बॅग तीत आहे. बॅग टाकायला स्काफ्ती गेला होता, आणि मला आता दाट संशय आहे.

तुझी खुर्ची रिकामी झाली, तेव्हा कारकुनाची जाहिरात द्यावी लागेल. इल्मूर म्हणते, शुक्रवारपर्यंत तूच बस, बॅग परत येईपर्यंत. छातीचं माप घेऊन गेलीय.

शेवटचं एक. मेंढवाड्याच्या चित्रात आज चौदावा कप्पा काढलाय. एरी. दाबलं की सध्या काहीच येत नाही, नुसतं पांढरं पान. तिथे काय ठेवायचं ते तू आल्यावर सांग.

ओर्री, प्रभारी

रेक्याविक, शुक्रवार, १८ ऑक्टोबर

ओर्री,

मंगळवारी येते. लोवीसा सोबत येतेय. "हवामान बघायला," म्हणते. स्काफ्तीला दाढी करायला सांग.

पांढऱ्या पानावर बोटीचं वेळापत्रक लाव. कुठून कुठे, तेसुद्धा. परक्यांना ते अजून सापडत नाहीये.

वर्गात उंच खुर्ची लागेल, खुबा नवा आहे. दहा मोठे बटाटे आणून ठेव. आणि पोरं विचारतील, नवी बाई कशी आहे म्हणून. तू काही सांगू नकोस. ते त्यांचं त्यांना सापडू दे.

रान्वेग